धड हाताचा व्यायाम चार्टमध्ये का नाही? स्ट्रोक रिहॅब विभागांना खुलं पत्र

स्ट्रोकनंतरच्या रिहॅबचे निर्णय घेणारे सगळे न्यूरोलॉजिस्ट, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि रिहॅब विभागांचे प्रमुख यांना,

नमस्कार.

माझ्या मोठ्या बहिणीच्या फाइलवर मागच्या रिव्ह्यूला एक ओळ लिहिली गेली, उजव्या हातात हालचाल नाही, हाताची थेरपी थांबवावी, यापुढे फक्त चालणं आणि बॅलन्स. त्या एका ओळीमुळे हे पत्र लिहितोय. ताईला मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक झाला, उजवी बाजू गेली, बोलणंही अडखळतं झालं. पाय बऱ्यापैकी परत आला पण हात आला नाही, खांद्यातून थोडा उचलला जातो, मनगट आणि बोटं जवळपास काहीच नाहीत. ती ओळ वाचल्यावर आम्ही तिथेच विचारलं की मग डाव्या हाताला वजनाचे व्यायाम देता येतील का, कारण धड बाजूला ताकदीचा व्यायाम केला की लुळ्या बाजूची ताकदही काही प्रमाणात वाढते असं वाचलंय. उत्तर आलं, तो हात चांगलाच आहे, त्याला काय करायचंय, उलट तोच जास्त वापरलात तर उजवा कधीच येणार नाही. एवढं बोलून पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

कुठलं हॉस्पिटल, कोण डॉक्टर हे मी लिहिणार नाही, कारण त्यानंतर स्ट्रोकच्या इतर पेशंटच्या घरच्यांशी बोललो तेव्हा बहुतेकांना हेच उत्तर मिळालेलं होतं, शब्दसुद्धा जवळपास तेच. म्हणजे ही एका माणसाची घाई नाही, विचार करायची पद्धतच अशी झालीये आणि म्हणून पत्र सगळ्यांना आहे.

मी डॉक्टर नाही, पण आम्ही विचारलं ते कुठल्यातरी फॉरवर्डमधून उचललेलं नव्हतं. एका हाताला व्यायाम दिला की दुसऱ्याचीही ताकद वाढते हे १८९४ साली येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलं, तेव्हापासून त्याला क्रॉस एज्युकेशन म्हणतात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. निरोगी माणसांवरचे अभ्यास एकत्र करून जे आढावे निघाले त्यात व्यायाम न केलेल्या बाजूची ताकद सरासरी ८ ते १२ टक्क्यांच्या आसपास वाढलेली दिसते. त्या बाजूचा स्नायू जाड होत नाही, बदल होतो तो मेंदूत आणि नसांच्या मार्गात. एका हाताने पूर्ण जोर लावला की मेंदूच्या फक्त एकाच बाजूला काम होतं असं नाही, दुसऱ्या बाजूचा हालचालीचा भागही जागा होतो, दोन्ही अर्धांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसममधून संदेश इकडून तिकडे जातात, शिवाय मेंदूतून खाली येणारे सगळेच तंतू बाजू बदलत नाहीत, थोडे त्याच बाजूला उतरतात. यात नक्की कुठल्या वाटेचा वाटा किती यावर शास्त्रज्ञांचे वाद चालू आहेत, परिणाम होतो की नाही यावर मात्र फारसा वाद उरलेला नाही.

प्लास्टरमधल्या हाताचं उदाहरण तर ऑर्थोपेडिकवाल्यांना माहीत असेलच. कॅनडातल्या सास्कॅचेवान विद्यापीठातल्या संशोधकांनी मनगट मोडलेल्या ५० च्या पुढच्या बायकांना न मोडलेल्या हाताचे ताकदीचे व्यायाम दिले, २०१३ साली ते प्रसिद्ध झालं, आणि १२ आठवड्यांनी त्यांच्या मोडलेल्या हाताची पकड व्यायाम न केलेल्या बायकांपेक्षा चांगली निघाली. तिथे हात प्लास्टरमध्ये असतो म्हणून हलवता येत नाही, ताईचा हात मेंदूतून आज्ञा पोचत नाही म्हणून हलत नाही, कारणं वेगळी आहेत हे मला कळतं. पण अडचण तीच की जो हात सुधारायचाय त्यालाच व्यायाम करता येत नाहीये.

आणि स्ट्रोकच्या पेशंटवरही हे करून बघितलंय. कॅनडातल्याच व्हिक्टोरिया विद्यापीठात पॉल झेर यांच्या गटाने २०१३ मध्ये क्रॉनिक टप्प्यातल्या, म्हणजे स्ट्रोकला सहा महिने उलटून गेलेल्या पेशंटना ६ आठवडे कमी बाधित, म्हणजे धड बाजूच्या पायाचा घोटा पूर्ण जोर लावून वर ओढायचा व्यायाम दिला, व्यायाम केलेल्या पायाची ताकद ३४ टक्के वाढली आणि न केलेल्या, जास्त बाधित पायाची ३१ टक्के. २०१८ मध्ये त्याच गटाने मनगटावर केलं, २४ पेशंट, ५ आठवडे, आठवड्यातून ३ वेळा, फक्त कमी बाधित मनगट. त्या मनगटाची ताकद ४२ टक्के वाढली आणि हातही न लावलेल्या दुसऱ्या मनगटाची ३५ टक्के. २०१५ च्या आणखी एका छोट्या अभ्यासात अगदी जेमतेम हलणाऱ्या मनगटाची स्वतःहून होणारी हालचाल वाढली, तीही दुसऱ्या मनगटाला जड व्यायाम देऊन. हे सगळे अभ्यास लहान आहेत, मी ते लपवत नाही. मनगटाची ताकद वाढली म्हणजे बोटांनी बटण लागेल असंही नाही, आणि कोणी आम्हाला तसं आश्वासन द्यावं अशी अपेक्षाही नाही. पण ज्या पेशंटच्या हातासाठी तुमच्याकडे दुसरं काही उरलेलं नाही असं तुम्हीच लिहून देताय, त्याला एवढंही करून बघायला नाही म्हणायचं हे मला पटत नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि मला सगळ्यात जास्त सलणारी. "तो हात चांगला आहे" हे तुम्ही न तपासता म्हणता. ताईच्या फाइलमध्ये उजव्या हाताचं पानभर लिहिलंय, ताकद, टोन म्हणजे स्नायूंचा ताठरपणा, सेन्सेशन, खांद्याची स्थिती सगळं, आणि डाव्या हातापुढे एकच शब्द, नॉर्मल. तो नॉर्मल नाहीये. कप उचलताना हिंदकळतो, चावी भोकात जायला वेळ लागतो, एका हाताने बटण लावताना ती घामाघूम होते. आम्हाला सांगितलं गेलं की ती मुळात उजव्या हाताने काम करणारी, डाव्याची सवय नाही, होईल हळूहळू. सवय हे एक कारण असेलच. पण पेन स्टेट विद्यापीठातले रॉबर्ट सेनबर्ग आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षं दाखवताहेत की स्ट्रोक ज्या बाजूच्या मेंदूत होतो त्याच बाजूच्या हातातही दोष येतो, डावा मेंदू बाधित असेल तर हालचालीची दिशा आणि सांध्यांचा मेळ बिघडतो, उजवा बाधित असेल तर हात नेमक्या जागी थांबवणं आणि स्थिर धरणं बिघडतं, आणि ज्यांचा दुसरा हात पूर्ण लुळा आहे त्यांना याचा सगळ्यात जास्त फटका बसतो कारण त्यांचं सगळं आयुष्यच या एका हातावर येऊन पडलेलं असतं. ताईला काठी याच हाताने धरायची, पलंगावरून उठताना जोर यालाच, जेवण, अंघोळ, फोन, दार, तोल गेला तर कठडा धरायला हाच. अंथरुणात काढलेल्या काळात त्याचीही ताकद गेलीये. दुसऱ्या बाजूला काही फायदा होवो न होवो, फक्त या हातासाठी म्हणूनसुद्धा व्यायाम द्यायला हवा होता की नाही?

दुसरी तक्रार भीतीच्या कारणाची. चांगला हात वापरला तर दुसरा विसरला जातो, हे कुठून आलंय ते मी वाचलंय आणि ती भीती खोटी नाही. एडवर्ड टाउब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या कामातून ती आली, त्यातूनच चांगला हात बांधून ठेवून लुळ्या हाताकडून काम करून घ्यायची थेरपी निघाली आणि २००६ च्या एक्साइट ट्रायलमध्ये २२२ पेशंटवर तिचा फायदा दिसला. दोन आठवडे, जागेपणीचा ९० टक्के वेळ चांगल्या हातावर हातमोजा. उत्तम थेरपी आहे. पण त्या ट्रायलमध्ये घ्यायची अट काय होती? बाधित हाताचं मनगट स्वतःहून निदान १० अंश तरी वर उचलता आलं पाहिजे, अंगठा आणि बोटंही थोडी उघडता आली पाहिजेत. ताईला त्या ट्रायलमध्ये घेतलंच नसतं. मग जिला ती थेरपी देता येत नाही तिलाच त्या थेरपीमागचा नियम का लावताय, की चांगला हात वापरू नका? उंदरांवरचे प्रयोगही मला एका फिजिओंनी सांगितले, ज्यात मेंदूला इजा झाल्यावर चांगल्या पंजाला शिकवलं तर वाईट पंजाची सुधारणा मागे पडली. ते खरं आहे. पण तिथे इजा झाल्यानंतर लगेच, चांगल्या पंजाला उचलून खायचं कौशल्य शिकवलं होतं, आणि इथे प्रश्न आहे बऱ्याच काळाने, आठवड्यातून तीनदा थोडा वेळ मनगटावर जोर लावण्याचा. दोन्हींचा परिणाम सारखाच असेल असं धरून चालता येत नाही. ज्याच्या हातात हालचाल आहे त्याने आधी तोच हात वापरावा, यात माझा काही वाद नाही. माझं म्हणणं ज्यांच्या हातात ती नाही त्यांच्याबद्दल आहे.

तिसरी, ताठरपणा. जोर लावला की लुळ्या बाजूचा टोन वाढेल असं आम्हाला दोन ठिकाणी ऐकवलं. ताकदीच्या व्यायामांवरचा २००६ चा आढावा सांगतो की स्ट्रोकनंतर असे व्यायाम केल्याने ताकद वाढते, कामं करायची क्षमता थोडी वाढते आणि ताठरपणा वाढत नाही. हो, डाव्या हाताने जोरात पिळलं की उजवं कोपर आपोआप वर ओढलं जातं, ताईचंही जातं. म्हणून तर तुमच्यासारखं कोणीतरी शेजारी हवं ना, तो हात उशीवर नीट टेकवून ठेवायला, किती ओढला जातोय ते बघायला, वजन कमी जास्त करायला.

चौथी, सहा महिन्यांचं. सहा महिने झाले की जे यायचं ते आलं, आता प्लॅटो, म्हणजे सुधारणा थांबली, हे वाक्य प्रत्येक घराने ऐकलंय. वर दिलेले झेर यांचे दोन्ही अभ्यास क्रॉनिक टप्प्यातल्याच लोकांवरचे आहेत.

आणि पाचवी, जिच्यामुळे मला खरोखर झोप लागत नाही. तुम्ही नाही म्हणालात म्हणून घरं थांबत नाहीत. लोक व्हिडिओ बघतात आणि पाण्याच्या बाटल्या भरून सुरू करतात, ज्याचं बीपी अजून ताब्यात नाही असा माणूस श्वास कोंडून वजन उचलतो, कोणी बीपी मोजत नाही, लुळा खांदा सॉकेटमधून उतरलेला असताना तो लोंबकळत असतो आणि कोणाचं लक्ष नसतं. काहींना तर वाटतं जितक्या लवकर तितकं बरं, पहिल्याच दिवसापासून. २०१५ च्या अॅव्हर्ट ट्रायलमध्ये २१०४ पेशंट होते आणि पहिल्या २४ तासांत लवकर, वारंवार उठवून हालचाल करायला लावलेल्यांचा निकाल उलट थोडा वाईट आला होता, हे त्या घरांना कोण सांगणार? तुम्हीच सांगायला हवं. जोखीम आहे हे नाकारायचं कारण होऊ शकत नाही, जोखीम आहे म्हणूनच हे तुमच्या नजरेखाली व्हायला हवं.

शिवाय आम्ही मागतोय ते काही प्रयोगशाळेतलं नवीन इंजेक्शन नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि स्ट्रोक असोसिएशनच्या २०१४ च्या शिफारशीतच स्ट्रोक झालेल्यांसाठी आठवड्यातून २ ते ३ दिवस ताकदीचे व्यायाम सांगितलेत, १० ते १५ वेळा, १ ते ३ सेट, हातापायांच्या मोठ्या स्नायूंना. म्हणजे क्रॉस एज्युकेशन हा शब्द कोणी उच्चारला नाही तरी डाव्या हाताला वजन द्यायला आधीच आधार आहे.

एक गोष्ट ताईच्या बाजूने सांगतो, कारण ती स्वतः एवढं लांब बोलू शकत नाही. तिच्या हाताची थेरपी म्हणजे आत्तापर्यंत काय होतं, कोणीतरी तिचा हात धरून वर न्यायचं, खाली आणायचं, बोटं उघडायची, स्प्लिंट बांधायचं. तिने पडून बघायचं. ते गरजेचं आहे, सांधे आखडू नयेत म्हणून, आणि ज्यांनी ते केलं त्यांनी फार मायेने केलं, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण त्यात तिने स्वतः जोर लावायची जागाच नव्हती. रिव्ह्यूनंतर घरी आल्यावर तिने बराच वेळ शब्द शोधून सांगितलं की तिला काहीतरी स्वतः करायचंय, दमायचंय. धड हाताला व्यायाम दिला तर निदान एका गोष्टीत ती मोजमाप वाढताना स्वतःच्या डोळ्यांनी बघू शकेल, हा आठवडा एवढं वजन, पुढचा आठवडा एवढं. स्ट्रोकनंतर माणूस किती खचतो हे तुम्ही रोज बघता, मी वेगळं सांगायला नको.

मागण्या फार नाहीत.

प्रत्येक रिव्ह्यूला दोन्ही हात तपासा. पकडीची ताकद डायनॅमोमीटरने दोन्ही बाजूंची मोजा आणि आकडा लिहा, नॉर्मल हा शब्द नको. धड हाताने रोजची कामं किती वेळात होतात याची जेब्सन टेलरसारखी टेस्ट तुमच्याकडे आहेच, ती त्या हाताचीही घ्या.

ज्यांच्या बाधित हातात व्यायाम करण्याइतकी हालचाल नाही त्यांना हाताची थेरपी बंद असं लिहिण्याआधी धड हाताचा ताकदीचा कार्यक्रम द्या, मनगट वर उचलणं, पकड, कोपर, आठवड्यातून ३ वेळा, ५ ते ६ आठवडे, आणि खरा जोर लागेल इतक्या वजनाचा, कारण वर दिलेल्या स्ट्रोकच्या अभ्यासांत नुसता हवेत हात फिरवलेला नव्हता, खरा जोर लावून व्यायाम केला होता. आधी आणि नंतर दोन्ही बाजू मोजा. काहीच फरक पडला नाही तर तसं सांगा, आम्ही ऐकून घेऊ आणि वाद घालणार नाही. बीपी, हृदय, खांदा, वय बघून एखाद्याला देता येत नसेल तर तेही सांगा, फक्त कारण सांगा.

हा कार्यक्रम बाधित हाताच्या उपचाराऐवजी नको, सोबत हवा. हात फिरवणं, खांद्याची काळजी, स्प्लिंट, योग्य असेल त्याला आरसा थेरपी किंवा इलेक्ट्रिकल स्टिम्युलेशन हे सगळं चालू राहिलं पाहिजे. कुठल्या विभागाने हे पत्र वाचून लुळ्या हाताकडे बघणं कमी केलं तर ते आमच्या मागणीच्या बरोबर उलटं होईल.

डिस्चार्जच्या वेळी जो व्यायामाचा कागद देता त्यावर धड हाताचा वेगळा भाग असू द्या आणि त्यातच स्पष्ट लिहा की श्वास कोंडायचा नाही, बीपी किती असेल तर त्या दिवशी व्यायाम करायचा नाही, लुळा हात कुठे ठेवायचा, कुठलं लक्षण दिसलं तर थांबून फोन करायचा. घरच्यांना एकदा करून दाखवा. दहा मिनिटांचं काम आहे पण त्या दहा मिनिटांवर कोणाचा तरी खांदा वाचेल.

ज्यांच्या हाती शिकवणं आणि संशोधन आहे त्यांना वेगळी विनंती. हात थोडाफार हलणारेच पेशंट ट्रायलमध्ये घेतले जातात आणि ताईसारखे बाहेर राहतात, मग पुढे सांगितलं जातं की अशा पेशंटसाठी पुरावा नाही. पुरावा कसा असणार, त्यांना घेतलंच नाही तर? अगदी न हलणाऱ्या हातांच्या पेशंटवर मोठे, नीट तुलना गट असलेले अभ्यास करा, आणि फक्त ताकद मोजू नका, कपडे घालता येतात का, दोन्ही हातांनी पातेलं धरता येतं का, हेही मोजा. पेशंट कमी पडणार नाहीत. आम्ही येऊ.

ज्या विभागाने ताईच्या फाइलवर ती ओळ लिहिली त्यांना हे पत्र पुढच्या रिव्ह्यूला छापून देणार आहे आणि डाव्या हाताच्या मोजमापाची व व्यायामाच्या चार्टची लेखी मागणी करणार आहे. उत्तर नाही असं असेल तर तेही लेखी मागणार आहे, कारणासकट. ज्या घरांना हेच उत्तर मिळालंय त्यांनी हे पत्र कॉपी करावं, ताईच्या जागी आपल्या माणसाबद्दल लिहावं, कुठली बाजू, किती हालचाल, काय सांगितलं गेलं ते घालावं, आणि आपल्या रिव्ह्यूला घेऊन जावं. माझं नाव ठेवायची गरज नाही.

आपला,
एका पेशंटचा धाकटा भाऊ